तिसऱ्या मजल्यावरचे सासरे

१४ सप्टेंबर

ही वही नवऱ्याच्या, खुन-मुच्या, स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं धूळ खात पडली होती. इंजिन ऑइलवाल्यांनी फुकट दिलेली. आज उघडली, कारण आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी पंधरवड्याची उदबत्ती लावायला शेजारी धाकट्या दिराकडे गेले. पूर्वी ही उदबत्ती मी माझ्या घरात लावायची. आता माझ्याच पितरांना भेटायला दुसऱ्याच्या दारात चपला काढाव्या लागतात. दोन्ही घरं सासऱ्यांनी एकाला एक चिकटून बांधली, दोन मुलगे म्हणून दोन. खिडक्या सारख्या, जिने सारखे. पण देव्हारा थोरल्याच्या तिसऱ्या मजल्यावर, कारण थोरल्याकडेच पितर असतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बावीस वर्षं मी रोज दोनदा जिना चढून त्यांना चहा दिला. धाकटे तेव्हा तैपेईत हॉटेलात जेवत होते.

देव्हारा कसा गेला ते लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा व्हायला लागला तर वाचता येईल. सासरे गेल्या ऑक्टोबरात वारले. एप्रिलमध्ये थडगी झाडून आलो आणि जाऊबाई श्वे-चिन गोड आवाजात म्हणाली, "देव्हारा कुठे हवा ते बाबांनाच विचारू या ना." कौल लावला. कौलाचे लाकडाचे दोन तुकडे, अर्ध्या चंद्रासारखे. एक उताणा आणि एक पालथा पडला की 'हो'. लागोपाठ तीनदा 'हो' आलं की पक्कं. धाकट्यांच्या घराला दोनदा 'हो' आलं. तिसऱ्यांदा एक तुकडा घरंगळत सासूबाईंच्या खुर्चीखाली गेला. श्वे-चिन टुणकन वाकली आणि ओरडली, "पालथा! पालथा आहे!" तिच्याशिवाय तो कुणी पाहिला? कुणीच नाही. देव्हारा गेला, त्याच्यामागे सासूबाई गेल्या, आणि मी जावेसाठी डबे भरून दिले, कारण नाही म्हटलं असतं तर मी वाईट ठरले असते.

तर आज. उदबत्ती खोचली, हात जोडले, आणि पितरांच्या नावांच्या लाकडी पाटीच्या मागून आवाज आला. टुक.

मी डोळे उघडले. श्वे-चिन माझ्याकडेच बघत होती, तोंड पांढरंफटक.

"ताई, तुम्हाला काही ऐकू आलं?"

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. तेवढ्यात परत टुक.

मला तो आवाज पक्का ठाऊक आहे. अग्निशमन दलाच्या माणसांनी दोन्ही घरांत एकाच दिवशी धुराचे अलार्म लावले, अर्ज मीच भरला होता. सेल संपत आला की तो मिनिटाला एकदा टुक करतो. आमचा फेब्रुवारीत करायला लागला होता. चांद्र नववर्षाच्या सुट्टीला मुलगा आला होता, तो स्टुलावर चढला, सासूबाई खाली टॉर्च धरून "पडशील, पडशील" करत होत्या, आणि पाच मिनिटांत नवा सेल बसला. श्वे-चिनने मात्र देव्हाऱ्यावर सुताराकडून नक्षीदार लाकडी छत करून घेतलं. अलार्म त्या नक्षीच्या मागे गडप झाला. तिथे तो आहे हेच तिला माहीत नाही.

मी काही बोलले नाही. घरी येऊन दोन वाट्या भात जेवले.

१६ सप्टेंबर

श्वे-चिन दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा म्हणाली पाल असेल. दुसऱ्यांदा पाल म्हणाली नाही.

१८ सप्टेंबर

आज हसू दाबता दाबता जीव गेला. धाकट्यांकडे सगळे चहा पीत होतो. श्वे-चिनने शेवटी विषय काढला, की तिसऱ्या मजल्यावर आवाज येतो, थेट पाटीतूनच येतो. आणि सासूबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, अगदी शांतपणे म्हणाल्या, "ते रस्सा खारट झाला की जिभेने असंच टुक करायचे."

दीर खुन-हाईचा कप हातातच राहिला. श्वे-चिनने तोंडावर हात नेला. सासूबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या, एकटक, ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू. म्हातारपण आहे, दुसरं काय. फेब्रुवारीतलं त्यांना कुठलं आठवायला.

पण काय सुचवलं म्हातारीने! मी सात जन्म डोकं खाजवलं असतं तरी मला हे सुचलं नसतं. आता बाबा नाराज आहेत. कशावर नाराज आहेत? ते शोधा म्हणावं.

२२ सप्टेंबर

शोधताहेत. उदबत्तीची जात बदलली. सिगारेटचा ब्रँड बदलला. तारोच्या कंदाच्या शेवया केल्या, डुकराचं मांस चार तास शिजवलं. रोज कौल: "बाबा, हे हवं होतं का?" दोन्ही तुकडे पालथे. म्हणजे नाही. आणि वर टुक.

आज श्वे-चिन माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. "ताई, तुम्ही त्यांना बावीस वर्षं जेवू घातलंत. त्यांना नेमकं काय आवडायचं? ह्यांनी तर अठराव्या वर्षी घर सोडलं, ह्यांना काहीच माहीत नाही."

मी म्हटलं, "कारल्याचा रस्सा. आत पांढरं कारलं, वाळवलेली कोलंबी. अगदी कडू हवा."

सासऱ्यांना कारल्याच्या नुसत्या वासाने शिसारी यायची. एकदा मी केलं होतं तर ताट घेऊन अंगणात जाऊन बसले होते.

तिने संध्याकाळपर्यंत केला. वाटी माझ्याकडेही पाठवली. चांगला झाला होता, हे मान्य करावं लागेल.

२३ सप्टेंबर

वाईट वाटतंय का, असं स्वतःला विचारलं. थोडंसं. मग वर जाऊन रिकामी खोली बघून आले. भिंतीवर देव्हाऱ्याच्या आकाराचा पांढरा चौकोन आहे, बाकी भिंत बावीस वर्षांच्या धुराने पिवळी. वाईट वाटायचं थांबलं. चढताना दोनदा कठडा धरून थांबावं लागलं, गुडघ्यांना हल्ली जिना सोसत नाही. एप्रिलपासून सवयही गेली आहे.

२६ सप्टेंबर

मुलाचा फोन. बोलता बोलता म्हणाला, "आई, काकांकडचा अलार्म आपल्याबरोबरच लावलेला ना? त्यांचाही सेल संपत आला असेल. सांग त्यांना. महिनाभर टुकटुक करतो आणि मग एकदम गप्प होतो. गप्प झाला की काही उपयोग नाही त्याचा. आजी तिथेच झोपते ना, देव्हाऱ्याशेजारच्या खोलीत?"

"हो, सांगते."

सांगणार आहे. पण वर्षश्राद्ध झाल्यावर. बारा ऑक्टोबरला सासऱ्यांच्या उदबत्तीच्या वेगळ्या पात्रातली चिमूटभर राख पितरांच्या मोठ्या पात्रात मिसळायची, आणि ते एकदा झालं की आमच्याकडे देव्हारा कुणी हलवत नाही. म्हणजे जे काय करायचं ते त्याआधी. सेल महिनाभर पुरेल. मी हिशेब केला, बारा-तेरापर्यंत जेमतेम निभावेल. अलार्म अजून जिवंत आहे, टुक करतो म्हणजे जिवंतच. तोवर सासूबाईंना काही होत नाही.

आणि आधीच गप्प झाला तर? त्यांना वाटेल बाबांची समजूत पटली. मग माझं सगळं मुसळ केरात.

३० सप्टेंबर

दीर दुकानात आला होता. मी आत भाजी निवडत होते, सगळं ऐकू आलं. खुन-मुला म्हणत होता, "दादा, बाबा माझ्याशी बोलतात."

खुन-मु इंजिनांच्या आवाजाने अर्धा बहिरा. "काय?"

"बाबा. मी रोज पहाटे वर जाऊन बसतो. त्यांना विचारतो, रागावलात? टुक. मी दुकान नको म्हणून पळून गेलो त्याचा राग आहे ना? टुक. शेवटी दवाखान्यात मी वेळेत पोचलो नाही, माझी वाट बघितलीत का? टुक. आयुष्यात इतकं कधी बोललो नव्हतो त्यांच्याशी."

खुन-मुने त्याच्या पाठीवर ऑइलचा हात ठेवला. शर्टाला डाग पडला.

भाजी तशीच ठेवली आणि चपला घालून त्यांच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. दारात श्वे-चिनच्या नव्या लिफ्टची टिंग वाजली. ही लिफ्ट त्यांनी तैपेईहून परत आल्यावर बसवली, माणसाला उभं राहायला दोन फरश्यांएवढी जागा, आणि तिच्याच जोरावर पितर पळवले: "आमच्याकडे आईंना वर जायला सोपं पडेल." मी शपथ घेतली आहे, त्या डब्यात पाय ठेवणार नाही. टिंग ऐकली आणि परत फिरले.

२ ऑक्टोबर

डाव टाकला. श्वे-चिन बाजारात भेटली. डोळ्यांखाली काळं. मीच म्हटलं, "एक सुचवू? राग मानू नकोस. सगळं विचारून झालं, पण त्यांना परत थोरल्याकडे जायचंय का, हे विचारलंत कधी?"

ती रडायलाच लागली, कोबीच्या ढिगाजवळ. "ताई, मला तर वाटतं मीच चुकले. पण मी हौसेने नाही हो आणला देव्हारा. आईच म्हणाल्या होत्या, 'आ-युनचे गुडघे गेलेत, ती बोलणार नाही, जिन्यावर पडेल तेव्हा कळेल. तुमच्याकडे लिफ्ट आहे, तुम्ही न्या.' तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, तुम्हाला लागेल म्हणून."

काय पण रचते! इतकी वर्षं तैपेईत राहून हे शिकून आली. माझ्या गुडघ्यांचं निमित्त करून माझ्याच तोंडाला पानं पुसते. मी "असं होय" म्हटलं आणि कांद्याची पात घेऊन घरी आले.

५ ऑक्टोबर

जिंकले.

सगळे जमले. श्वे-चिनने कौल लावला: "बाबा, थोरल्यांकडे परत जायचं?" हो. हो. तिसऱ्यांदा दोन्ही उताणे, म्हणजे हसताहेत, नीट विचारा. परत सुरुवात. हो, मग नाही. परत. तिला आता देव्हारा घरातून गेलेलाच हवा होता, हवा तो कौल मिळेपर्यंत विचारत राहिली. सहाव्या खेपेला लागोपाठ तीन. कुठलाही तुकडा खुर्चीखाली गेला नाही, सगळ्यांनी पाहिलं.

खाली वाकून श्वे-चिन तुकडे उचलत होती तेव्हा वर टुक झालं. सासूबाईंनी मला विचारलं, सगळ्यांच्या देखत, "आ-युन, हा आवाज कसला गं?"

म्हटलं, "बाबाच आहेत, आई. दुसरं कोण?"

"बरं," त्या म्हणाल्या. आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

सोमवारी देव्हारा येतो. खोली धुऊन घेतली. पिवळी भिंत पुसू दिली नाही.

७ ऑक्टोबर

काय लिहू.

सकाळी देव्हारा आणला. पितरांच्या पाटीवर काळी छत्री धरून खुन-मु पुढे, त्याच्यामागे राखेची पात्रं घेऊन मी आणि दीर. त्यांच्या दारातून आमच्या दारात, दहा पावलं. मग तीन मजले. दुसऱ्या मजल्यावर गुडघा लचकला, पण पात्र हातातून हललं नाही. सगळं जागच्या जागी लावलं. चहा ठेवला. इतकं सुख मला मुलाच्या जन्मानंतर झालं नव्हतं, खरं सांगते.

मग सासूबाईंना आणायला गेले. त्यांची पिशवी भरलेली नव्हती.

"आई, कपडे कुठेत?"

"कपाटात. तिथेच राहतील." काठी घेऊन त्या लिफ्टकडे निघाल्या. "चल माझ्याबरोबर. वरून शाल आणायची आहे."

"मी जिन्याने येते."

"आत ये म्हटलं ना."

गेले. दार लागलं. त्यांचा खांदा माझ्या छातीला टेकत होता, तोंड फिरवायला जागा नव्हती. त्या दाराकडे बघतच बोलल्या.

"फेब्रुवारीत टॉर्च कुणी धरला होता?"

उत्तराला त्या थांबल्याच नाहीत.

"मी पहिल्याच दिवशी ओळखलं. श्वे-चिनला एका वाक्यात सांगता आलं असतं. म्हटलं नको, आ-युनला ऐकू आलंय, आ-युन येईल, स्टुलावर चढेल, म्हणेल हात्तिच्या, सेल संपलाय. म्हणून तर मी ते जिभेचं बोलले. तुला हसू येईल आणि तू सांगून टाकशील असं वाटलं. तेवीस दिवस वाट बघितली. मी तिथेच झोपत होते गं, त्याच्या शेजारच्या खोलीत. शेवटी तोंडावर विचारलं, तर म्हणालीस बाबा आहेत."

"आई, त्या श्वे-चिनने एप्रिलमध्ये कौलात..."

"तो तुकडा माझ्या खुर्चीखाली आला होता. उताणा होता. मी चपलेने उलटा केला. तिला माहीत नाही."

टिंग. दार उघडलं. त्यांनी शाल घेतली. देव्हाऱ्याची जागा रिकामी होती, खुन-हाई सुताराचं छत काढत होता, आम्हाला द्यायला. सासूबाई म्हणाल्या, "पितरांना तू कौल लावून नेलंस. मला कुणी कौल लावलेला नाही. मी इथेच राहणार. श्वे-चिनला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तू बघ."

मी जिन्याने उतरले.

८ ऑक्टोबर

दिवसभर संताप. म्हणे तेवीस दिवस वाट बघितली! मग ती कोण मोठी साधी? तिनेही खेळच मांडला की. बावीस वर्षं जिचं पथ्यपाणी केलं ती चपलेने माझा देव्हारा उडवते, वर श्वे-चिनला सांगते, आ-युनच्या गुडघ्यांसाठी. मला विचारलं होतं कुणी? मी कधी म्हटलं होतं दुखतात म्हणून?

आज चारदा जिना चढले, मुद्दाम. खुन-मु म्हणाला, "बाबांना मेल्यावर तरी निवांत बसू दे, सारखी काय जातेस." त्याच्याशी बोलले नाही.

९ ऑक्टोबर

श्वे-चिनचा फोन. आवाजच निराळा. "ताई! शांत झालं! देव्हारा गेल्यावरही दोन दिवस येत होतं, मला वाटलं निरोप घेताहेत. आज सकाळपासून एकदाही नाही! बाबांना खरंच तुमच्याकडे यायचं होतं. हे सकाळी इतके रडले, म्हणाले बाबांनी मला माफ केलं. आणि मग झोपले, अजून उठले नाहीत. तुमचे उपकार कसे फेडू?"

म्हणजे सेल संपला.

मी जे ठरवलं होतं ते सगळं माझ्या मनासारखं झालं आहे. तोंड बंद ठेवलं तर बारा तारखेला राख मिसळली जाईल आणि देव्हारा कायमचा माझा. सासूबाई सांगणार नाहीत. एकदा नाही म्हणाल्या की नाही, चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांनी शब्द फिरवलेला मी तरी ऐकलेला नाही. तिसऱ्या मजल्यावर अलार्म मेलेला आणि त्या त्याच्या शेजारी झोपलेल्या. हट्टी म्हातारी. मला बरोबर कोंडीत पकडलंय.

श्राद्ध झाल्यावर बदलला तर? तीनच दिवस. तीन दिवसांत काय होतंय?

हार्डवेअरच्या दुकानातून सेल आणला. खिशात आहे. जेवताना खुन-मु म्हणाला, सारखा खिशात हात काय घालतेस.

१० ऑक्टोबर

आज राष्ट्रीय दिनाची सुट्टी, सगळे घरी. सकाळीच स्टूल उचललं आणि गेले. जिन्याने.

श्वे-चिनने हसत दार उघडलं. "स्टूल कशाला, ताई?"

"वर ये. धर जरा."

छत काढल्यामुळे अलार्म उघडा पडला होता. तिने तो फडक्याने पुसून लख्ख केला होता, दिव्याच्या तारांचा डबा असेल म्हणून. सासूबाई आपल्या खोलीच्या दारात खुर्ची ओढून बसल्या. मी चढले. झाकण फिरवलं, जुना सेल काढला, नवा बसवताना दोनदा हातातून निसटला.

"ताई, हे काय आहे?" श्वे-चिनने खालून विचारलं.

मी सांगणार होते. रात्रभर वाक्यं जुळवली होती, की मला नीट ठाऊक नव्हतं, की मलाही कालच कळलं. तोंड उघडलं. पण नवा सेल घट्ट बसला आणि अलार्मने आधी स्वतःच सांगितलं.

टुक.

स्टुलावरचे श्वे-चिनचे हात सुटले. मी भिंतीला हात लावून तोल सावरला. तिने वर पाहिलं, मग माझ्या हातातल्या जुन्या सेलकडे, मग परत माझ्याकडे. मला वाटलं ओरडेल. तेवढ्यात खालच्या मजल्यावर दार आपटलं आणि जिन्यावर अनवाणी पावलं वाजली, दोन दोन पायऱ्या एकदम.

"बाबा?"

खुन-हाई दारात आला. गालावर उशीची घडी उमटलेली. आधी त्याने देव्हाऱ्याची रिकामी जागा पाहिली, मग मला.

"वहिनी, आत्ता..." तो म्हणाला. "तुम्ही ऐकलंत ना?"

पन्नाशीचा माणूस, आणि तोंड शाळेतल्या पोरासारखं झालं होतं. खोटं बोलायची शेवटची संधी होती. सासूबाईही गप्प, श्वे-चिनही गप्प. एक शब्द बोलायचा होता, आणि त्याच्यासाठी बोलले असतेही, पण तो अजून दारातच उभा होता आणि मला दिसत होतं की तो उद्या पहाटे परत इथे येऊन बसेल.

"भावोजी, हा धुराचा अलार्म आहे," मी म्हटलं. "सेल संपत आला होता. मला चौदा सप्टेंबरपासून माहीत होतं."

त्याला कळायला वेळ लागला. त्याने हात पुढे केला, तेव्हा वाटलं मला उतरायला आधार देतोय. पण तो जुना सेल मागत होता. मी दिला. त्याने तो तळहातावर ठेवून उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे मी ज्याला विचारत होतो..." एवढं म्हणाला आणि थांबला. मूठ मिटून खाली गेला.

श्वे-चिनने स्टूल परत धरलं, मी उतरेपर्यंत. मग म्हणाली, "देव्हारा ठेवा तुमच्याकडेच, ताई. आता आम्हाला नको." रागाने नाही म्हणाली.

परवा वर्षश्राद्ध आहे. बारा पदार्थ करायचे आहेत. खुन-मु विचारतोय, धाकटे जेवायला येणार की नाही, भात किती घालायचा. मला माहीत नाही म्हटलं.